चुलीवरचे छप्पर

गेल्या वर्षी जानेवारीत एका खेड्यातल्या प्राथमिक शाळेत विज्ञान प्रदर्शन पाहायला गेलो होतो. प्रदर्शन छान होते. परिदर्शी होता, सोड्याचा ज्वालामुखी होता, लिंबावर चालणारे घड्याळ होते. पण माझ्या लक्षात राहिले ते प्रदर्शनाबाहेरचे एक दृश्य. शाळेच्या मागच्या बाजूला विटांची एक खोली होती. वर पन्हळी पत्रा, पुढे लोखंडी दार, एका भिंतीला छोटी खिडकी आणि दारावर निळ्या रंगात लिहिलेले 'स्वयंपाकगृह'. दाराला कुलूप. त्या खोलीपासून दहा पावलांवर, कडुलिंबाखाली, तीन दगडांवर खिचडीचे मोठे पातेले चढलेले. एक मावशी ढवळत होत्या आणि दुसऱ्या मावशी वारा अडवायला पोत्याचा आडोसा धरून उभ्या होत्या.

"खोली आहे की," मी म्हणालो. मुख्याध्यापक कसनुसे हसले. म्हणाले, "त्या आत शिजवतच नाहीत. सांगून थकलो."

उत्तर मावशींनी दिले. "आत चूल पेटवली की डोळे जातात, सर. पावसाळ्यात जातो आम्ही आत, नाइलाज म्हणून. तुम्हीच बसून बघा घडीभर."

मी बसलो नाही, पण प्रश्न डोक्यात बसला. विस्तवावर छप्पर घालायचे म्हणजे नेमके काय करायचे? गोठ्यावरच्या किंवा वर्गावरच्या छपराला एकच काम असते. ऊन-पाऊस अडवायचा. चुलीवरच्या छपराला त्याखेरीज आणखी दोन कामे असतात. खालून येणारा धूर जाऊ द्यायचा आणि स्वतः पेट घ्यायचा नाही. पाऊस अडवायचा तर छप्पर बंद हवे, धूर जाऊ द्यायचा तर उघडे हवे. हे भांडण फार जुने आहे.

गवत, कौल आणि काजळी

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची घरे तिथे सापडली. ठेंगण्या मातीच्या भिंती, लाकडी खांब, वर गवताचे छप्पर आणि आत चूल. म्हणजे गवताखाली विस्तव ठेवण्याचे धाडस आपल्या भूमीत तेव्हापासून चालू आहे.

गवताच्या छपराला धुराडे नसले तरी धूर कोंडून राहत नाही, कारण गवतच सच्छिद्र असते. धूर हळूहळू त्यातून झिरपत बाहेर जातो. पावसाळ्याच्या सकाळी डोंगराकडच्या वाडीवर नजर टाकली की सगळे छप्परच वाफाळल्यासारखे दिसते, ते यामुळे. या धुराचा छपराला फायदाही होतो. गवत कोरडे राहते आणि कीड लागत नाही. म्हणून तर पुढच्या पेरणीच्या बियाण्याची कणसे चुलीवर आढ्याला टांगून ठेवण्याची रीत पडली. नळीच्या कौलांचेही तसेच. एका कौलावर दुसरे कौल पालथे घातले की मधे असंख्य फटी राहतात. पाणी उतारावरून घसरून जाते, धूर मात्र फटींतून वर निघतो. पुढे मंगळुरी कौले आली. बासेल मिशनचा मंगळुरूचा कौलांचा कारखाना १८६५ सालचा. ही कौले यंत्रावर दाबून केलेली असल्याने एकमेकांत घट्ट बसत. गळती कमी झाली आणि त्याच मापाने धूरही आत अडकू लागला. माझ्या आजोळच्या स्वयंपाकघरात मंगळुरी कौले होती. तिथल्या वाशांवरची काजळी बोटाला लागली की दोन दिवस निघत नसे. आजीच्या डोळ्यांतले पाणी आम्ही कांद्याच्या नावावर खपवत असू.

जुन्या लोकांना हे कळत नव्हते असे नाही. माणसे जास्त असली की विस्तव मोठा लागे आणि मग चूल घराबाहेर जाई. लग्नकार्यात आचाऱ्यांचा मांडव मुख्य मांडवापासून अंतरावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला असे. चर खणून त्यावर भांडी ओळीने चढत. वर पडलेच तर उंचावर एखादे कापड, तेही चारी बाजूंनी मोकळे. आचाऱ्याने वायुभौतिकी शिकलेली नसे, पण वारा कुठून येतो हे तो आधी पाही. वास्तुशास्त्रात स्वयंपाकघर आग्नेयेला सांगितले आहे, त्याचाही संबंध काही जण वाऱ्याशी जोडतात. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो, तेव्हा आग्नेय कोपऱ्यातला धूर घरापासून दूर जाईल हे खरे. पण हिवाळ्यात वारा ईशान्येकडून, पूर्वेकडून येतो. तेव्हा त्याच कोपऱ्यातला धूर घरात शिरेल. नियम पाठ करण्यापेक्षा आपल्या गावचा वारा वर्षभर नोंदवणे हा वर्गासाठी अधिक चांगला उपक्रम ठरेल.

आपल्याकडचे आचाऱ्यांचे मांडव कार्य संपले की उतरतात. त्यामुळे शेकडो माणसांच्या स्वयंपाकाचे छप्पर पूर्वी कसे असे, ते आज पाहायला मिळणे अवघड. युरोपात मात्र काही मठांची स्वयंपाकघरे दगडात बांधलेली असल्याने टिकून राहिली. इंग्लंडमधल्या ग्लॅस्टनबरी येथील मठाधिपतींचे स्वयंपाकघर चौदाव्या शतकातले आहे. खोली चौकोनी. चार कोपऱ्यांत चार चुलाणी. वर अष्टकोनी दगडी छप्पर निमुळते होत जाते आणि अगदी टोकाला झरोके असलेला एक छोटा मनोरा. धूर आणि वाफ त्या मनोऱ्यातून बाहेर पडावी आणि पाऊस मात्र सरळ आत येऊ नये, अशी ही योजना. लाकूड नाही, गवत नाही, तेव्हा पेटण्याचीही भीती नाही. १५३९ साली तो मठ बंद झाला आणि बाकीच्या बहुतेक इमारती ढासळल्या, पण हे स्वयंपाकघर जवळजवळ अखंड उभे आहे.

चार कागदांचे वजन

ग्लॅस्टनबरीच्या गवंड्यांनी छप्पर इतके उंच का नेले असेल? छोटासा हिशेब करून पाहू.

चुलीच्या वर छपराखाली साठलेल्या धुरट हवेचे तापमान सरासरी ६० अंश सेल्सिअस आहे आणि बाहेरची हवा ३० अंश आहे असे धरू. ३० अंशांना एक घनमीटर हवेचे वस्तुमान साधारण १.१६५ किलोग्रॅम, तर ६० अंशांना १.०६ किलोग्रॅम भरते. फरक सुमारे ०.१०५ किलोग्रॅम. म्हणजे घनमीटरमागे जेमतेम एक छटाक-दोन छटाक! अशा गरम हवेचा अडीच मीटर उंचीचा स्तंभ असेल तर त्याला वर ढकलणारा दाब मिळतो

०.१०५ × ९.८ × २.५ = सुमारे २.६ पास्कल.

२.६ पास्कल म्हणजे किती? लिहिण्याचा नेहमीचा कागद चौरस मीटरला सुमारे ७० ग्रॅम भरतो. तो टेबलावर पसरला तर टेबलावर ०.६९ पास्कल दाब देतो. म्हणजे आपल्या चुलीचा धूर जेवढ्या जोराने छपराबाहेर जाऊ पाहतो, तो जोर जवळजवळ चार कागदांच्या थप्पीच्या वजनाएवढा आहे. दुसऱ्या बाजूला वाऱ्याचा विचार करा. सेकंदाला २.१ मीटर, म्हणजे ताशी साडेसात किलोमीटर वेगाने वाहणारी हवा एखाद्या भोकासमोर अडली तर तीही तेवढाच दाब देते. ताशी साडेसात किलोमीटर म्हणजे झाडाची पाने नुसती सळसळतात तो वारा. याचा अर्थ असा की धुरासाठी ठेवलेले भोक वाऱ्याच्या तोंडावर आले, तर पाने हलवणारी झुळूकही धुराला परत आत ढकलू शकते.

उंची का हवी, तेही या गुणाकारातच दिसते. गरम हवेचा स्तंभ दुप्पट उंच झाला आणि तापमान तेच राहिले तर दाबही दुप्पट होतो. धुराडे उंच का बांधतात याचे उत्तर हेच.

आता आणखी एक गोष्ट, जी बांधणारे नेहमी विसरतात. हवा वरून बाहेर जायची असेल तर तेवढीच हवा खालून आत यायला हवी. वर्गात हे दाखवायला एक मेणबत्ती आणि कंदिलाची काच पुरते. टेबलावर पेटती मेणबत्ती ठेवून तिच्यावर काच उभी करा. काचेची कड टेबलाला नीट टेकली असेल तर ज्योत मंदावते आणि थोड्या वेळाने विझते. वर तर उघडेच आहे, मग का विझली? आता काचेखाली दोन पेन्सिली आडव्या ठेवून पुन्हा करा. ज्योत सरळ, स्थिर जळत राहील. मुलांना उदबत्ती घेऊन त्या फटीशी धरायला सांगा, धूर आत ओढला जाताना दिसेल. मग पेन्सिली काढून घ्या आणि पुठ्ठ्याचा टी आकाराचा तुकडा कापून तो वरून काचेत असा सोडा की काचेच्या तोंडाचे दोन भाग होतील. आता खाली फट नसतानाही ज्योत तगून राहते. कारण एका भागातून हवा उतरते आणि दुसऱ्यातून धूर चढतो. काच गरम होते, तेव्हा हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः उभे राहून करावा.

आपल्या त्या कुलूपबंद खोलीत हेच घडत होते, फक्त आडवे. वर वाट नाही, खिडकी नावाला. उघडे एकच, ते म्हणजे दार. मी मावशींना थोडा वेळ आत चूल पेटवायला सांगितले आणि आम्ही दारात उदबत्ती धरली. गुडघ्याच्या उंचीवर धरली तर उदबत्तीचा धूर आत जाई. डोक्याच्या उंचीवर धरली तर बाहेर येई. मधे कुठेतरी, दाराच्या साधारण निम्म्या उंचीवर, तो घुटमळत राही. म्हणजे दाराच्या खालच्या अर्ध्यातून स्वच्छ हवा आत आणि वरच्या अर्ध्यातून धूर बाहेर. निम्म्या उंचीच्या वर सगळी खोली धुराने भरलेली. सहावी-सातवीची मुले हे पाहून हरखली. पण या सीमारेषेची उंची होती सुमारे एक मीटर, आणि पातेले ढवळायला उभ्या राहिलेल्या बाईचे नाक असते त्याच्या कितीतरी वर.

धुराडे आले आणि गेले

चुलीलाच आवर घालावा, म्हणजे छपराचा प्रश्न सुटेल, असेही अनेकांना वाटले. अमेरिकेत जन्मलेला आणि बव्हेरियाच्या इलेक्टरकडे (शासकाकडे) नोकरी केलेला बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड, याने १७९० साली म्युनिकमध्ये निराधारांसाठी स्वयंपाकघर चालवले. तिथे रोज हजाराहून अधिक माणसांचे सूप शिजे. त्याने उघडा विस्तव बंद केला, विटांच्या बांधकामात जाळी व झडप बसवली आणि धूर भांड्याभोवती फिरवून धुराड्यात सोडला. जळण वाचले, आणि स्वयंपाकी धुराबाहेर आला.

आपल्याकडे हे काम वर्ध्याच्या मगनवाडीत झाले. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते केंद्र. तिथे चाळीसच्या दशकात तयार झालेली मगन चूल म्हणजे मातीची लांबोळकी, वैलांची आणि धुराड्याची चूल. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू यांनी १९५३ साली कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे या विषयावर इंग्रजीत पुस्तिकाच लिहिली. पुढे १९८३ साली राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम सुरू झाला. तो २००२ साली बंद होईपर्यंत सरकारी आकड्यांनुसार सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ थोड्याच वर्षांत मोडल्या किंवा वापरातून गेल्या. कारणे अनेक सांगतात. पण एक कारण छपराशी निगडित आहे आणि ते मला फार बोलके वाटते. धुराड्याचा पाइप छपरातून वर काढायला भोक पाडावे लागते आणि त्या भोकातून पहिल्या पावसात पाणी गळते. मग पाइप छपराखालीच संपवायचा, किंवा काढून टाकायचा. गवताच्या छपरातून तापलेला पाइप न्यायला तर कोण धजेल?

धुराने नेमके काय होते, याची मोजदाद फार उशिरा झाली. कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच धूलिकण मोजणारी उपकरणे बसवली. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्वयंपाकाच्या वेळेतले सरासरी प्रमाण घनमीटरमागे सुमारे ७ मिलिग्रॅम आले. बाहेरच्या हवेतील दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी आपले राष्ट्रीय मानक चोवीस तासांच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅम आहे. दोन्ही मापे तंतोतंत एका प्रकारची नाहीत, पण अंदाज यायला हरकत नाही.

तांदळाची खिचडी होते तेव्हा

आता शाळेकडे वळू. शाळेत मुलांना जेवण देण्याची सुरुवात मद्रास महापालिकेने १९२० साली एका शाळेपासून केली. १९५६ साली के. कामराज मुख्यमंत्री असताना ही योजना राज्यभर गेली आणि १ जुलै १९८२ पासून एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. देशपातळीवर योजना आली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्या काळात शिकवणाऱ्यांना आठवत असेल, बहुतेक राज्यांत तेव्हा शिजवलेले अन्न नव्हे तर धान्य मिळे. मुलामागे महिन्याला तीन किलो. आपल्याकडे मुले पिशव्या घेऊन तांदूळ न्यायला येत. वाटपाचा ताप होता, पण शाळेत विस्तव नव्हता. विस्तव नाही, म्हणून छप्परही नाही.

२८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्कासंबंधीच्या खटल्यात आदेश दिला की सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेले अन्नच द्यावे. आदेश योग्यच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याचा एक परिणाम क्वचितच कोणी बोलून दाखवतो. लाखो शाळांत पहिल्यांदाच चूल पेटली. कुठे? जागा मिळेल तिथे. व्हरांड्यात, जिन्याखाली, वर्गाच्या भिंतीला टेकून, झाडाखाली. २० एप्रिल २००४ रोजी त्याच खटल्यात न्यायालयाने केंद्र सरकारला स्वयंपाकाच्या शेडसाठी तरतूद करायला सांगितले.

त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. १६ जुलै २००४, शुक्रवार. तमिळनाडूत, म्हणजे ज्या राज्याला शाळेतल्या जेवणाचा सर्वांत जुना अनुभव होता तिथे, कुंभकोणम शहरातल्या एका शाळेत सकाळी अकराच्या सुमारास दुपारच्या जेवणाची तयारी चालू होती. स्वयंपाकाच्या जागेवरचे छप्पर गवता-झावळ्यांचे होते. त्याने पेट घेतला. वरच्या मजल्यावर प्राथमिकचे वर्ग भरत, आणि त्यांच्यावरही तसेच छप्पर होते. आग खालून वर पोचली. जिना अरुंद होता. जळते छप्पर मुलांवर कोसळले. ९४ मुले गेली.

यातले विज्ञान सांगणे भाग आहे, म्हणून सांगतो. वाळलेल्या झावळ्या म्हणजे पातळ, सुट्या, भोवती हवा खेळणाऱ्या पट्ट्या. लाकडाचा ओंडका पेटायला वेळ लागतो, कारण त्याचे वस्तुमान मोठे आणि हवेला उघडा पृष्ठभाग त्या मानाने कमी. झावळ्यांचे नेमके उलटे. शिवाय ज्वाळा वर चढतात आणि वरच्या थराला आधीच तापवून ठेवतात. त्यामुळे उताराच्या छपरावर आग खालून वर अतिशय वेगाने धावते. चूल आणि छप्पर यांच्यात किती उंची आहे, आणि ते छप्पर दुसऱ्या छपरापासून किती दूर आहे, हे दोन आकडे तिथे कोणीतरी आधी पाहायला हवे होते.

यानंतर तमिळनाडूत शाळांवरची गवताची छपरे उतरवण्याचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. तिचा निकाल १३ एप्रिल २००९ रोजी लागला आणि शाळेची सुरक्षित इमारत हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग मानून न्यायालयाने देशातल्या शाळांसाठी अग्निसुरक्षेच्या सूचना दिल्या. दरम्यान २००६ साली योजनेचे नवे नियम आले होते. स्वयंपाकगृह व धान्यकोठी मिळून शाळेमागे ६० हजार रुपये. ते वर्गांपासून वेगळे, सुरक्षित अंतरावर आणि हवेशीर असावे, धान्यासाठी कुलूपबंद जागा असावी, शक्यतो निर्धूर चूल असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. २००९ च्या डिसेंबरपासून एकरकमी पैशांऐवजी क्षेत्रफळाचा निकष आला. शंभर मुलांपर्यंत २० चौरस मीटर आणि पुढच्या प्रत्येक शंभरासाठी किंवा त्याच्या भागासाठी ४ चौरस मीटर. म्हणजे २५० मुलांच्या शाळेला २८ चौरस मीटर.

या कागदांत चूक काढायला मला फारशी जागा दिसत नाही. पण कागदावरून जमिनीवर येताना काय टिकले ते पाहा. क्षेत्रफळ टिकले, कारण ते टेपने मोजता येते आणि बिलात लिहिता येते. कुलूप टिकले, कारण तांदळाची चोरी सगळ्यांना समजते. पत्रा आला, कारण कुंभकोणमनंतर गवत कोणी घालणार नव्हते. 'हवेशीर' हा शब्द मात्र वाटेत हरवला. तो मोजून कसा द्यायचा हे ठेकेदाराला कोणी सांगितले नाही आणि ज्यांना धुरात उभे राहायचे त्या बायकांना कोणी विचारले नाही. कुंभकोणमचा धडा आपण अर्धा घेतला. छप्पर पेटणार नाही याची काळजी घेतली, पण त्या छपराखाली श्वास घेता येईल याची नाही. गवतातून धूर झिरपून तरी जात असे. पन्हळी पत्र्यातून तो कुठे जाणार? त्यातून भर उन्हात तापलेला पत्रा खालच्या माणसावर उष्णता फेकतो ती वेगळीच.

त्या शाळेत पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. मुख्याध्यापकांनी हिशेब मनावर घेतला. गावातल्या गवंड्याला बोलावून मागच्या उंच भिंतीतले पत्र्याखालचे विटांचे दोन थर काढले आणि त्या फटीवर बाहेरून पत्र्याचा एक तुकडा पडवीसारखा उतरता ठोकला. हे तोंड पूर्वेला आहे. पश्चिमेला ठेवले असते तर पावसाळी वाऱ्याने धूर परत लोटला असता आणि पाऊसही आत आणला असता. दाराशेजारी जमिनीलगत वीतभर उंचीची जाळीची खिडकी पाडली. खर्च फार आला नाही. जुलैत त्यांचा फोन आला. मावशी आता आत शिजवतात. धूर अजून होतो, पण 'डोक्यावरून जातो'. हा शब्द मावशींचा.

ऑक्टोबरात पुन्हा फोन आला. शाळेला आता गॅसची शेगडी आणि सिलिंडर मिळाला होता. "आता ती खालची खिडकी बुजवून टाकू का?" त्यांनी विचारले. "उंदीर येतात हो त्यातून, तांदळाची पोती कुरतडतात."

मी त्यांना थांबवले. चुलीचा धूर गरम असतो म्हणून वर जातो. सिलिंडरमधला वायू म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. पहिला हवेच्या सुमारे दीडपट जड, दुसरा दुप्पट. गळती झाली तर हा वायू वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीवर पसरतो आणि खोलगट जागी साचून ठिणगीची वाट पाहतो. वरच्या झरोक्याचा त्याला फारसा उपयोग नाही, त्याची वाट जमिनीलगत हवी. जळण बदलले की भोकाची जागाही बदलते. त्या खोलीत आता दोन्ही वाटा लागणार, कारण वाफ आणि ज्वलनाचे गरम वायू वरूनच जाणार आहेत.

"मग उंदरांचे काय?" मुख्याध्यापकांनी विचारले. दुसऱ्या दिवशी सातवीची मुले पट्टी घेऊन जाळीची छिद्रे मोजायला बसली. छिद्र दोन सेंटिमीटरचे निघाले. एक सेंटिमीटरहून लहान छिद्रांची जाळी तालुक्याच्या बाजारात मिळते का, याची चौकशी मावशींच्या मुलाने केली आहे. जाळी मिळेपर्यंत पोती लाकडी फळीवर उचलून ठेवली आहेत आणि खिडकी उघडीच आहे.